तेवीस जाती, शंभर रुपये

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने सगळ्या राज्यांना एक पत्र पाठवलं. त्यात कुत्र्यांच्या तेवीस जातींची यादी होती. या जाती हिंस्र आहेत, माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, तेव्हा त्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, परवाने देऊ नका, आणि ज्यांच्या घरी अशी कुत्री आधीपासून आहेत त्यांना त्यांची नसबंदी करायला लावा, असा पत्राचा मतलब.

माझं पोट डेटाबेस सांभाळण्यावर चालतं. त्यामुळे कुठलीही यादी दिसली की ती टेबलात भरून बघायची खोड लागली आहे. ही यादी भरायला गेलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच अडलो. 'टोसा इनू' एका ठिकाणी आहे आणि पुढे 'जपानी टोसा' पुन्हा आहे. कुत्रा एकच. पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर ही नावं वेगळी दिली आहेत, आणि खाली नुसतंच 'टेरियर्स' असंही लिहिलंय. टेरियर ही एक जात नाही, डझनावारी जातींचा तो गट आहे. त्यात जेमतेम तीन किलोचा, केसांना रिबीन बांधून मिरवणारा यॉर्कशायर टेरियरही येतो. 'मॅस्टिफ' आणि 'वुल्फ डॉग' यांचंही तेच. अकिता आहे, म्हणजे टोकियोच्या शिबुया स्टेशनवर मेलेल्या मालकाची वर्षानुवर्षं वाट बघणारा हाचिको ज्या जातीचा, ती जात. कांगल, अकबाश, तोर्न्याक, शारप्लानिनात्स ही नावं वाचून कुणालाही धडकी भरेल, पण ही तुर्कस्तान आणि बाल्कन डोंगरांतल्या मेंढपाळांची कुत्री. लांडग्यांपासून कळप राखणं हे त्यांचं पिढीजात काम. आपल्याकडच्या धनगराच्या कुत्र्याचे हे दूरदेशीचे व्यवसायबंधू.

यादीच्या शेवटी 'बॅन डॉग या नावाने सर्वसाधारणपणे ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा' असं एक वाक्य आहे. या 'बॅन'चा बंदीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत बॅन्डॉग म्हणजे बांधून ठेवलेला कुत्रा, दारावरचा राखणदार. म्हणजे शब्दश: घ्यायचं तर भारतात साखळीला बांधलेलं जे जे म्हणून आहे, ते सगळं या यादीत बसतं!

असं पत्र एका रात्रीत लिहिलं गेलं नव्हतं. जुलै २०२२ मध्ये लखनौमध्ये एका ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेला घरातल्याच पिटबुलने फाडलं. त्या वाचल्या नाहीत. कुत्रा मुलाने पाळलेला होता. त्या वर्षभर उत्तर भारतातल्या सोसायट्यांमधले, लिफ्टमधले हल्ल्यांचे व्हिडिओ फोनवर फिरत राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तीन जाती पाळण्यावर बंदी घातली. मग प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राला सांगितलं की या मागणीवर तीन महिन्यांत निर्णय घ्या. तीन महिने संपता संपता ही यादी निघाली. डेडलाइनच्या आदल्या रात्री मर्ज केलेला कोड कसा असतो ते ज्यांना माहीत आहे, त्यांना यादीत टोसा दोनदा का आला हे समजावून सांगायला नको.

पण यादीतल्या चुका दुरुस्त केल्या की काम झालं, असं नाही. जातीची यादी करून धोका टाळण्याची ही कल्पना मुळात आली कुठून, ते बघायला हवं. त्यासाठी जरा लांब जावं लागेल.

इंग्लंडमध्ये शेकडो वर्षं बैलाला खुंटीला बांधून त्याच्यावर कुत्री सोडण्याचा खेळ चालायचा. बुलडॉग हे नाव त्यातूनच आलं. १८३५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हा खेळ बंद केला. प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्धच्या सुरुवातीच्या कायद्यांतला हा एक महत्त्वाचा कायदा. पण पैज लावणारी माणसं कुठे जाणार? बैल झुंजवायला मैदान लागतं, गर्दी जमते, पोलिसांना दिसतं. दोन कुत्री झुंजवायला मात्र दारूच्या गुत्त्यामागचा एक खड्डा पुरतो. या खड्ड्याला इंग्रजीत 'पिट' म्हणतात. खड्ड्यासाठी बुलडॉगची ताकद हवी होती आणि टेरियरची चपळाई, म्हणून दोघांचा संकर झाला. आज पिटबुल म्हणून ज्याची भीती वाटते त्याचा पूर्वज हा असा, एका चांगल्या कायद्याच्या आडवाटेने जन्माला आला.

ही कुत्री पुढे अमेरिकेत गेली. तिथे १८९८ मध्ये युनायटेड केनेल क्लबने त्यांना अमेरिकन पिट बुल टेरियर म्हणून नोंदवलं. अमेरिकन केनेल क्लब हा प्रतिष्ठितांचा क्लब. त्याला खड्ड्याचा वास नको होता. त्याने १९३६ मध्ये याच कुत्र्यांना 'स्टॅफर्डशायर टेरियर' म्हणून घेतलं. एकच कुत्रा एका वहीत पिटबुल आणि दुसऱ्या वहीत स्टॅफर्डशायर, असंही चालायचं. जात म्हणजे रक्तात लिहिलेली काहीतरी अटळ गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. कुत्र्यांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी क्लबाची वही असते. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. त्याआधीही नाना तऱ्हेची कुत्री होती, पण 'या वहीत ज्याचे आईबाप आहेत तोच या जातीचा' हा नियम तसा अलीकडचा.

मग १९९१ आलं. ब्रिटनमध्ये त्या वर्षी लागोपाठ हल्ले झाले, वर्तमानपत्रांनी रान उठवलं, आणि गृहमंत्री केनेथ बेकर यांनी घाईघाईने 'डेंजरस डॉग्ज ॲक्ट' आणला. चार प्रकार बेकायदा ठरले: पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. आपल्या २०२४ च्या यादीत हे चारही आहेत. ब्रिटनच्या कायद्यात शब्द होता 'टाइप'. जात सिद्ध करता येत नाही हे त्यांनाही कळत होतं, म्हणून दिसायला तसा असला तरी पुरे. शिवाय सरकारी पक्षाने एकदा म्हटलं की हा तसला आहे, तर तो तसला नाही हे मालकाने सिद्ध करायचं.

डेम्प्सी नावाच्या एका कुत्रीची गोष्ट ब्रिटनमध्ये अजून सांगतात. १९९२ मध्ये लंडनच्या रस्त्यावर तिला उलटी येत होती, म्हणून सोबतच्या माणसाने तोंडाची जाळी काढली. पोलिसांनी पाहिलं. तिने कुणाला चावलं नव्हतं. तरी कायद्याप्रमाणे तिला मारण्याचा हुकूम झाला आणि ती तीन वर्षं कोठडीत राहिली. अखेर १९९५ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर सुटली. १९९७ मध्ये कायदा थोडा सैल झाला आणि न्यायाधीशांना आपली अक्कल वापरायची मुभा मिळाली.

आणि हल्ले थांबले का? पैदास करणाऱ्यांनी यादीत नसलेलं कुत्रं तयार केलं. अमेरिकन बुलीचा सगळ्यात थोराड अवतार, एक्सएल बुली, हा १९९१ मध्ये नव्हताच, तर यादीत कुठून असणार? त्याच्या हल्ल्यांत माणसं मेली तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी त्यावर बंदी जाहीर केली. १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय तो पाळणं गुन्हा झाला. आता हा एक्सएल बुली ओळखायचा कसा? सरकारने मापं दिली: नराची उंची ५१ सेंटिमीटर किंवा जास्त, मादीची ४८. म्हणजे टेप घेऊन कायदा मोजायचा. दरम्यान नेदरलँड्सने १९९३ मध्ये घातलेली पिटबुल-बंदी २००८ मध्ये उठवली, कारण चावे कमी झाले नाहीत. इटलीनेही आपली जातींची यादी २००९ मध्ये सोडून दिली. आपण यादी केली ती यानंतर पंधरा वर्षांनी.

आपल्याकडे कुत्र्यांबद्दलच्या कायद्याचा इतिहास अगदी वेगळ्या टोकाने सुरू होतो. जात वगैरे प्रश्नच नव्हता, प्रश्न रस्त्याचा होता. मुंबईत कंपनी सरकारने १८१३ पासून उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम लागू केला होता. पुढे प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागलं. आठ आण्यांसाठी शिपाई घराच्या आवारातली पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशी लोकांची तक्रार होती. (जिथे मोजणीवर पैसे मिळतात तिथे मोजणी वाढते. हे आमच्या धंद्यातही तसंच आहे.) १८३२ मध्ये मारण्याची मुदत आणखी वाढवली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडणं हा अंत्यविधीचाच भाग. ६ जून १८३२ रोजी, त्यांच्या सणाच्या दिवशी, फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, बाजार बंद, गोऱ्या फौजेचं रसदपाणी अडलं. सैन्य बोलवावं लागलं. मुंबईच्या इतिहासात दंगल म्हणून नोंदली गेलेली ही अगदी सुरुवातीची घटना, आणि ती कुत्र्यांपायी झाली. पुढे जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी १८३४ मध्ये मुंबईत पांजरापोळ उभी केली, त्यामागे हा प्रसंगही होता.

जालना तेव्हा निजामाच्या मुलखात. १८२७ च्या सुमाराला इथे छावणी वसली आणि १९०३ मध्ये ती उठली. ब्रिटिश हिंदुस्थानात प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध १८९० मध्ये कायदा झाला तो ब्रिटिश मुलखासाठी. कुंडलिकेच्या काठावर राज्य निजामाचं होतं. आपल्याला आज जो लागू आहे तो १९६० चा कायदा, आणि त्यामागे भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. राज्यसभेत नेमल्या गेल्यावर त्यांनी खासगी विधेयक आणलं, नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करायचं आश्वासन दिलं आणि ते पाळलं. १९६२ मध्ये पशुकल्याण मंडळ स्थापन झालं आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

या कायद्यात १९६० साली लिहिलेला दंड असा: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. आणि कायद्याखाली केलेल्या नियमांचा भंग केला तर जास्तीत जास्त शंभर रुपये किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही. हा शंभराचा आकडा लक्षात ठेवा.

पैदाशीसाठी म्हणून वेगळे नियम यायला २०१७ उजाडलं. ऑगस्ट २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६१ व्या अहवालात म्हटलं होतं की पेट शॉप आणि कुत्र्यांची पैदास यांवर कुणाचंच नियंत्रण नाही. एप्रिल २०१६ मध्ये विक्रीच्या पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणायला बंदी झाली. आणि मे २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम आले. ते वाचायला चांगले आहेत, मनापासून सांगतो. पैदास करणाऱ्याने राज्य मंडळाकडे नोंदणी करायची, फी पाच हजार. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला फळवायचं नाही, आठ वर्षांनंतरही नाही. बारा महिन्यांत एकच वेत, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. प्रत्येकाला मायक्रोचिप, प्रत्येकाची नोंद. या नियमांना कुत्रा रॉटवायलर आहे की पॉमेरियन याच्याशी देणंघेणं नाही. ते पैदास करणाऱ्याच्या वागण्याकडे बघतात.

मराठीत ब्रीडरला 'पैदासकार' म्हणतात. जालन्यात हा शब्द कुत्र्यांमुळे कुणाला माहीत नाही, बियाण्यामुळे माहीत आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि हे गाव बियाण्याचं गाव झालं. आसपासच्या खेड्यांत बीजोत्पादनाचे प्लॉट घेतलेला शेतकरी सहज भेटतो. तो तुम्हाला सांगेल की नर कोणता, मादी कोणती, शेजारच्या शेतातले परागकण येऊ नयेत म्हणून मध्ये किती अंतर सोडायचं, आणि भेसळीची झाडं कधी उपटायची. १९६६ च्या बियाणे कायद्याने उगवण आणि शुद्धता यांच्या किमान मर्यादा घालून दिल्या. पैदासकार बियाण्याच्या पिशवीला पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. फसवाफसवी तिथेही होते, दरवर्षी कुठे ना कुठे बोगस बियाण्याची ओरड असतेच. पण ओरड करायला हातात काहीतरी असतं: पिशवी, टॅग, लॉट नंबर, पावती.

कुत्र्याच्या पिल्लाबरोबर काय येतं? जुन्या जालन्यात आमच्या ओळखीच्या एका घरात रॉटवायलरचं पिल्लू आलं ते इन्स्टाग्रामवरचा फोटो बघून. पैसे यूपीआयवर आगाऊ पाठवले, आणि पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, टोपलीत. 'पेपरवालं हवं असेल तर जास्त पडतील,' असं विकणारा म्हणाला होता. यांनी बिनपेपरचं घेतलं. वय सांगितलं होतं चाळीस दिवस, डॉक्टरांनी दात बघून महिन्याचं म्हटलं. आई कोण, तिचं कितवं वेत, ती कशा स्वभावाची, चिप आहे का, हे विचारायचं असतं हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पिल्लू आईपासून आणि भावंडांपासून फार लवकर तुटलं की चावा किती जोरात घ्यायचा हे ते शिकतच नाही. आठ आठवड्यांची अट उगाच नाही. मार्च २०२४ मध्ये ती यादी व्हॉट्सॲपवर आली तेव्हा समोरच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "काय रे, तुमच्या वाघ्याचा नंबर आला का त्यात?" आला होता.

आता हिशोब बघा. नोंदणी करायची तर पाच हजार रुपये. नाही केली आणि पकडलं गेलंच, तर दंड जास्तीत जास्त शंभर. कैदेची तरतूद कागदावर आहे, पण त्यासाठी आधी खटला उभा राहायला हवा. एक पिल्लू हजारोंना विकलं जातं. एका वेतात सहा-आठ पिल्लं. असा नियम कोण पाळेल? जो पाळतो तो केवळ भला माणूस म्हणून पाळतो. बियाणे कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंडही पाचशेच होता, पण तिथे परवाना जाण्याची भीती असते, कृषी विभागाचा निरीक्षक नमुने घेतो. इथे निरीक्षकच नाही. म्हणून मला ती तेवीस जातींची यादी म्हणजे पळवाट वाटते. सात वर्षांपूर्वीचे बरे नियम अमलात आणायला माणसं, पैसा आणि दंडात वाढ लागली असती. यादीला एक पत्र पुरतं.

याचा अर्थ 'कुत्रं वाईट नसतं, मालक वाईट असतो' हे स्टिकरवरचं वाक्य मला पटतं असं नाही. ते लखनौच्या त्या घरात म्हणून बघा. २०२२ मध्ये 'सायन्स' मासिकात एक मोठा अभ्यास आला: अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची मालकांनी दिलेली माहिती, दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुकीय नकाशे. वागण्यातल्या फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीमुळे समजतात, असा निष्कर्ष निघाला. नऊ म्हणजे थोडे, पण शून्य नाहीत. आणि स्वभाव सारखाच असला तरी जबडा सारखा नसतो. पॉमेरियन चिडला तर टाका पडतो, पन्नास किलोचं कुत्रं चिडलं तर माणूस जातो. मोठ्या, ताकदीच्या कुत्र्याच्या मालकावर जास्त जबाबदारी असावी, विमा असावा, तोंडाला जाळी असावी, हे मला मान्य आहे. प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला जुन्या दंडविधानात कलम २८९ होतं, सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. नव्या न्याय संहितेत ते २९१ झालं आणि दंड पाच हजारांवर गेला. जातीचं नाव न घेता मालकाला धरणारं कलम आपल्याकडे दीडशेहून जास्त वर्षं पडून आहे.

पत्राचं पुढे काय झालं? एप्रिल २०२४ मध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. संबंधितांचं ऐकून घेतलं नाही, हे मुख्य कारण. २ मे २०२४ रोजी केंद्राने लोकांच्या हरकती मागवल्या. जिथे लोकांना माहिती होती की पत्र निघालं, तिथे ते रद्द झाल्याची माहिती पोचलीच असं नाही. वाघ्या अजून त्या घरात 'बंदी असलेला कुत्रा' म्हणूनच ओळखला जातो.

या सगळ्यात आपल्या भागातलं कुत्रं कुठेच नाही, याची मला गंमत वाटते. लातूर-उस्मानाबादकडे कारवान आणि त्याचा लांब केसांचा भाऊ पश्मी पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात: लांब तोंड, आत गेलेलं पोट, वाऱ्यासारखी धाव. सीमेपलीकडे मुधोळला याच घराण्याच्या कुत्र्यांना घोरपडे राजांनी आश्रय दिला. मालोजीराव घोरपड्यांनी एक जोडी पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव झालं. या कुत्र्याचं काम शिकारीचं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ससा मारणंही गुन्हा ठरलं. काम गेलं तरी कुत्रं राहिलं. जानेवारी २०२० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने पहिल्यांदाच कुत्र्यांच्या जाती नोंदवल्या: राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड. त्याच वर्षी ऑगस्टच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळा म्हटलं, आणि मुधोळच्या पिल्लांची चौकशी वाढली.

मागणी वाढली की पैदासही वाढते. इन्स्टाग्रामवर आता 'ओरिजिनल कारवान, पेपरशिवाय' असे व्हिडिओ दिसतात, पिल्लं डोळे उघडून पंधरा दिवस झालेली, आई कुठे दिसत नाही. २०१७ चे नियम त्यांनाही लागू आहेत. शंभर रुपयेही.